भिंतीवर राहिलेली खळ

आंघोळ करून तो बाहेर आला तेव्हा बायको बेडरूममध्ये लेकीशी फोनवर बोलत होती आणि दार अर्धवट उघडं होतं. दार अर्धवट उघडं असणं ही काही घटना नव्हे. त्या घरातली सगळी दारं अर्धवटच उघडी असत. पूर्ण लावलं तर समोरच्याला वाटायचं आपण रागावलोय, पूर्ण उघडलं तर वाटायचं आपण बोलावतोय. "अगं, मला तरी कुठे आवडतो तो वॉलपेपर?" ती म्हणाली. "कधीच नाही आवडला. यांना आवडतो म्हणून राहिलाय." एवढंच. मग ती लेकीला गळणाऱ्या केसांबद्दल काहीतरी सांगू लागली. तो टॉवेल धरून पॅसेजमध्येच थांबला. पायाखाली पाण्याचं थारोळं झालं, ते सरकत सरकत चपलांच्या दिशेने निघालं आणि त्याने ते जाऊ दिलं. कारण तो वॉलपेपर त्यालाही आवडत नव्हता. पहिल्या दिवसापासून नव्हता. मातकट तपकिरी रंग, त्यावर वर चढणाऱ्या वेली, वेलींवर बोटाच्या पेराएवढे पक्षी. कुठला पक्षी ते कागद छापणाऱ्यालाही ठाऊक नसावं. आजारी माणसाच्या जिभेवर असतो तसा एक थर त्या खोलीवर चढलाय असं त्याला बावीस वर्षं वाटत आलं होतं आणि बावीस वर्षं त्याने ते सहन केलं होतं, कारण तिला आवडतो.

दुकान त्याला लख्ख आठवत होतं. लेक तेव्हा रांगत होती, म्हणजे दुकानात रांगत नव्हती, त्याच्या कडेवर होती आणि त्याच्या शर्टाचं बटण चोखत होती. काउंटरवर नमुन्यांचं भलंमोठं बाड. बायको पानं उलटत होती. तिचा हात एका पानावर थांबला. त्याची नजर खरं तर आधीच्याच पानावर अडकली होती, तिथे फिकट निळे उभे पट्टे होते, स्वच्छ, निरुपद्रवी. पण तिचा हात थांबलेला पाहून तो म्हणाला, "छान आहे." ती म्हणाली, "छान आहे ना?" दुकानदार म्हणाला, "छानच आहे." तीन माणसं एका गोष्टीला छान म्हणाली की ती गोष्ट घरी येतेच. आता पॅसेजमध्ये, थंडीने पोटऱ्यांवर काटा आलेला असताना, त्याला प्रश्न पडला की तिचा हात तरी का थांबला होता? की पान चिकटलं होतं नुसतं?

त्यांच्या घरात 'नको' म्हणायची पद्धत नव्हती. ही पद्धत त्याच्या वडिलांपासूनची. भाजीत मीठ दुप्पट पडलं तरी वडील "छान झालीय" म्हणत आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढून घेत. आईला स्वतःच्या स्वयंपाकाची चव कळायची ती तांब्यावरून. बायको आली ती भांडकुदळ घरातून. तिच्या माहेरी उशीवरूनसुद्धा रणधुमाळी व्हायची आणि पाचव्या मिनिटाला सगळे त्याच उशीला टेकून हसत बसायचे. लग्नानंतरचे पहिले काही महिने ती जेवताना त्याच्या वडिलांकडे, मग तांब्याकडे, मग पुन्हा वडिलांकडे बघायची. पण ती गणिताची बाई. नियम एकदा कळला की तिला उदाहरणं सोडवून दाखवावी लागत नाहीत. वर्षाच्या आत ती त्या घरात सर्वांत गोड बोलणारी झाली. शाळेत मात्र फळ्यासमोर उभी राहून पोरांना ठणकावून 'चूक' म्हणायची. तो एकदा छत्री द्यायला शाळेत गेला होता, तेव्हा त्याने व्हरांड्यातून तो आवाज ऐकला होता. "चूक! पुन्हा कर." इतका मोकळा, इतका प्रेमळ आवाज त्याने घरात कधी ऐकला नव्हता. त्या पोराचा त्याला हेवा वाटला होता. छत्री शिपायाकडे देऊन तो परतला होता.

त्यातही गंमत म्हणजे त्याचा धंदाच तक्रारींचा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो तक्रार-निवारणाच्या खुर्चीवर बसायचा, म्हणून कचेरीत त्याला निवारणराव म्हणत. गावभरची माणसं येऊन त्याच्या टेबलावर मुठी आपटत. पाणी गढूळ येतं, येतच नाही, शेजाऱ्याकडे जास्त येतं. तो शांतपणे ऐकून घ्यायचा. "तुम्हाला राग कसा येत नाही हो?" पलीकडच्या टेबलावरचा मीटरवाला विचारायचा. तो म्हणायचा, "घरी एकही तक्रार नाही ना, म्हणून इथे पेलतात." हे तो अभिमानाने सांगायचा. त्या दिवशी कचेरीत एक म्हातारा आला आणि म्हणाला की साहेब, वर्षभर नळाला वास येतोय. "मग वर्षभर का नाही आलात?" याने विचारलं. म्हातारा म्हणाला, "वाटलं, सगळ्यांकडे असाच येत असेल." याने पेन खाली ठेवलं.

एक धागा उसवला की शिवण कुठवर जाईल ते सांगता येत नाही. चहा बिनसाखरेचा ती पिते तो त्याला साखर चालत नाही म्हणून, की तिला आवडतो म्हणून? खिडकी रात्रभर उघडी असते, ती कुणाला हवी असते? त्याला तर गार लागतं. रविवारी दोघं फिरायला जातात, तळ्याला वळसा घालून येतात, येताना दोघांचेही पाय दुखतात आणि दोघंही म्हणतात, बरं वाटलं. मग तो रात्री तिच्या पाठीमागे पडून छताकडे बघत असताना त्या सगळ्याच्या तळाशी असलेल्या गोष्टीपाशी पोचला. दुसरं मूल नको, असं त्यांचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे कोण म्हणालं होतं? त्याने खूप ताणून पाहिलं. त्याला एवढंच आठवलं की ती कणीक मळत होती, त्याने विचारलं होतं, "तुला काय वाटतं?" आणि ती म्हणाली होती, "तुम्ही म्हणाल तसं." मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं, चेहरा थकलेला होता, आणि तो म्हणाला होता, "एक पुरे नाही का?" आणि ती म्हणाली होती, "पुरे की." त्याला दुसरं हवं होतं. ती थकलेली दिसली म्हणून तो तसं म्हणाला. आणि ती? ती कशावरून म्हणाली असेल? ती थकलेली होती की नुसती कणीक घट्ट झाली होती? हे विचारायचं कसं? इतक्या वर्षांनी बायकोला उठवून विचारायचं, की अगं, तेव्हा तुला खरंच पुरे होतं का? त्याआधी काहीतरी छोटं विचारायला हवं होतं, माइकवर आवाज तपासल्यासारखं. आणि छोटं समोर होतं, चारी भिंतींवर.

पुढच्या आठवड्यात ती लेकीकडे गेली. लेकीने नव्या नोकरीच्या गावी खोली घेतली होती, ती लावून द्यायला. गाडीत बसताना म्हणाली, "आठ दिवसांत येते. तुम्ही काही करू नका." हे ती दर वेळी म्हणायची. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि तो घरी येऊन स्टुलावर चढला. तिला परत आल्यावर मोकळी भिंत दिसेल, ती म्हणेल, बाई गं, शेवटी सुटले! आणि मग तो म्हणेल, मीसुद्धा. त्या हसण्यात पुढचं विचारता येईल. एवढा साधा बेत होता. दारामागचा पहिला पट्टा त्याने कोपऱ्यात नखाने उचकला, तर तो वरपासून खालपर्यंत सबंध निघून आला, एखाद्या लाजाळू पाहुण्यासारखा, आम्ही निघतोच म्हणत. त्याला वाटलं, बावीस वर्षं आपण एवढ्याशाला घाबरत होतो. दुसरा पट्टा मात्र हातभर फाटून थांबला. तिसऱ्याची वरची चकचकीत साल निघाली आणि खाली पांढुरका, मऊ, केसाळ कागद भिंतीला धरून राहिला. त्याने स्वयंपाकघरातून उलथनं आणलं. उलथन्याने कागद निघाला आणि त्याच्याबरोबर गिलाव्याचे तुकडेही. खिडकीजवळच्या कोपऱ्यात तर त्याने इतक्या त्वेषाने खरवडलं की तळहाताएवढी खपली पडून आतली वीट दिसू लागली. वीट लाल, ओलसर, बघू नये अशी. संध्याकाळी तो हार्डवेअरच्या दुकानात गेला. पुरावा म्हणून खिशात कागदाचा तुकडा घेतला होता.

"पाणी मारलंत का आधी?" दुकानदाराने विचारलं.

"कशाला? तसाच सुटतोय."

दुकानदाराने तुकडा उलटा केला. मागे गिलावा चिकटला होता. "कागद सुटतोय की भिंत सुटतेय?"

"दोन्ही थोडं थोडं."

"घरात विचारलंय ना?"

"सरप्राइज आहे."

"मग खड्डे बुजवायला लांबीचे दोन डबे न्या," दुकानदार खाली वाकत म्हणाला. "सरप्राइजला खड्डे जास्त पडतात." त्याने लांबी दिली, ती भरायचा पत्रा दिला, घासायला पॉलिश पेपर दिला, प्रायमर दिला, आणि न मागता एक कागदी टोपीही दिली. ती घालून आरशात पाहिलं तेव्हा त्याला आपण वाढदिवसाला आलेल्या आणि कुणालाच माहीत नसलेल्या माणसासारखे दिसलो.

गरम पाणी मारून मारून त्याने उरलेला कागद काढला. खोलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास सुटला. लगदा झालेले वेली-पक्षी त्याने पोत्यांत कोंबले, पोती जिन्याखाली नेऊन ठेवली आणि सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा स्वतः हात लावून चढवली. गाडीवाल्याला म्हणाला, "जपून हं." कशाला जपून ते त्यालाही कळलं नाही. मग त्याने खड्डे भरले. पत्र्याने लांबी ओढताना एक सुख असतं. खड्डा असतो आणि एका फटकाऱ्यात नसतो. कचेरीत असं कधी होत नाही. तिथे खड्डा असतो आणि वर त्याचा जावक क्रमांक असतो. त्याने भराभर सगळी भिंत भरली, दमला, हॉलमध्ये सोफ्यावर झोपला. सकाळी पाहतो तर लांबीला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या होत्या. जागोजागी तिच्या कडा वळून वर आल्या होत्या. बोट लावलं की खपली निघून हातात. एक, दोन, दहा. जिथे काल खड्डा होता तिथे आज खड्डा होताच, शिवाय त्याला झाकण होतं. तो जमिनीवर बसून ती झाकणं गोळा करत असताना कुलूप उघडल्याचा आवाज झाला. आठ दिवस झाले नव्हते. लेकीची खोली लहान होती, लवकर लागली.

ती बॅगेसकट बेडरूमच्या दारात येऊन उभी राहिली. हे दार कधी नव्हे ते सताड उघडं होतं. त्याने टोपी काढली. तिने आधी खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे भिंतीची सर्वांत वाईट दशा होती, नजर जाणारच, असं त्याला वाटलं. मग तिने बाकीच्या भिंती पाहिल्या, एकेक करून, परीक्षेला सुपरवायझर वर्ग बघतो तशा. ती आता म्हणेल. तिच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडायची त्याने वाट पाहिली.

"छान केलंत," ती म्हणाली. मग म्हणाली, "कागद कुठाय?"

"टाकला. गाडी घेऊन गेली."

"सगळा?"

"सगळा!" तो अभिमानाने म्हणाला.

"बॅग कुठे ठेवू?" तिने विचारलं.

चहा झाल्यावर ती जुना गाऊन घालून आली. पदराची सवय असलेल्या हाताला खांद्यावर काही सापडेना, म्हणून तो तिने उगाच मानेवरून फिरवला. मग बोट ओलं करून भिंतीवर घासलं, अंगठ्याशी चोळून पाहिलं. "खळ राहिलीय हो. कागदाची खळ. ती धुतल्याशिवाय वर काही धरणार नाही."

"मला वाटलं, कागद गेला की गेलं."

"कागद काय, जातो," ती म्हणाली आणि बादली भरायला गेली.

दोघांनी भिंत धुतली. हा स्पंज फिरवायचा, ती फडक्याने टिपायची. पाणी तपकिरी व्हायचं, बुळबुळीत. दर बादलीला वाटायचं, संपली. ती बोट लावून म्हणायची, "आहे अजून." त्याला बरं वाटत होतं याचं त्यालाच नवल होतं. ती त्याच्या कामातल्या चुका काढत होती, "इथे राहिलं," "हे काय, नुसतं फासलंय," आणि तिच्या आवाजात ते शाळेतलं काहीतरी यायला लागलं होतं. एकदा तर ती चक्क "चूक!" म्हणाली. तो पत्रा उलटा धरून लांबी ओढत होता. त्याने पत्रा सरळ केला. व्हरांड्यातून ऐकलेला तो आवाज इतक्या वर्षांनी त्याच्या वाट्याला आला होता, तोही लांबीच्या निमित्ताने. भरलेलं सुकलं की दोघं घासायला बसायची. तो दारापासून, ती खिडकीपासून. पॉलिश पेपरचा खर्र खर्र आवाज, पांढरी भुकटी हवेत तरंगणारी, दोघांच्या भुवया म्हाताऱ्या झालेल्या. त्याला वाटलं, हीच वेळ. आता आवाज तपासून पाहावा.

"तू फोनवर म्हणालीस ना," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "तुला कधीच आवडला नव्हता म्हणून. मी ऐकलं."

तिचा खर्र खर्र थांबला. "कधी?"

"लेकीशी बोलत होतीस."

"अच्छा. ते होय." खर्र खर्र पुन्हा सुरू झालं, पण हळू. "तीच म्हणाली, आई, काय तो जुनाट कागद, बघवत नाही, मी आले की मला गुदमरतं त्या खोलीत. आता तिला काय म्हणू? म्हटलं, मलाही नाही आवडत. आणि तुमच्यावर ढकललं. तुमच्यावर ढकललं की ती काही बोलत नाही."

"म्हणजे तुला..."

"म्हणजे काही नाही हो. कागद तो कागद." ती थोडा वेळ घासत राहिली. मग भिंतीलाच सांगावं तसं म्हणाली, "इथे शेवटचा पट्टा होता ना, खिडकीजवळचा. तो त्या माणसाने उलटा लावला होता."

"उलटा?"

"वरचं खाली. वेली कळत नव्हत्या, त्या कशाही धावतात. पण पक्षी उलटे होते. सगळे पाय वर करून. खिडकीकडच्या कुशीवर झोपलं की बरोब्बर डोळ्यांसमोर एक यायचा, डोकं खाली. रोज सकाळी जाग आली की आधी तो दिसायचा." तिने भुकटी फुंकली. "हसू यायचं."

"बावीस वर्षं?"

"रोज नाही. पण यायचं."

"मग मला कधी सांगितलं नाहीस!"

ती वळली. भुकटीने पांढऱ्या झालेल्या चेहऱ्यात तिचे डोळे फार काळे दिसत होते. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही माणूस बोलावून तो सरळ करून घेतला असता," ती म्हणाली. हे ती रागाने म्हणाली नाही, कौतुकानेही म्हणाली नाही. दोन अधिक दोन म्हणावं तसं म्हणाली.

ते खरं होतं. त्याने निवारण केलं असतं. तो हातातला पॉलिश पेपर उलटसुलट करत राहिला आणि तो पट्टा आठवायचा प्रयत्न करू लागला. तो पट्टा त्याने याच हातांनी काढला होता, त्वेषाने, वीट दिसेपर्यंत. त्यावरचे पक्षी त्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर फाटले असतील. त्याला एकही आठवेना. सरळही नाही, उलटाही नाही. रात्री तिच्या पाठीमागे पडून त्याने छताकडे पाहिलं होतं, कपाटाकडे पाहिलं होतं, तिच्या पाठीकडे पाहिलं होतं आणि त्या पाठीपलीकडे ती ज्याच्याकडे बघत होती तिकडे बघायचं राहिलं होतं. या खोलीत कुणाचंही मन न राखता कुणालातरी आवडलेली एकच गोष्ट होती आणि ती त्याने बायकोचं मन राखण्यासाठी काढून, पोत्यात भरून, जपून न्या म्हणून सांगून दिली होती.

आता निदान आपलं तरी खरं सांगावं, असं त्याच्या मनात आलं. मला तो कागद कधीच आवडला नाही. साधं वाक्य. त्याने तोंड उघडलं. समोर ती उभी होती, थकलेली, किंवा नुसती पांढरी.

"मलाही आवडायचा तो," तो म्हणाला.

"माहितीये मला," ती म्हणाली. "म्हणून तर वाईट वाटलं. म्हटलं, माझ्यासाठी काढलात."

यावर करण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे घासणं. दोघांनी घासलं. प्रायमर लावला. रंगाच्या दुकानात त्याने नमुन्यांचं कार्ड तिच्यापुढे सरकवलं आणि मुद्दाम रस्त्याकडे बघत राहिला, म्हणजे तिचा हात कुठे थांबतो ते आपल्याला दिसू नये. मागे वळला तेव्हा तीही रस्त्याकडेच बघत होती. दुकानदार म्हणाला, "पांढरा न्या. पांढऱ्यात भांडण होत नाही." त्यांनी पांढरा नेला.

काम बरं झालं. समोरून पाहिलं तर भिंत नव्यासारखी. पण खोलीत सकाळचं ऊन तिरपं येतं. बाजूने प्रकाश पडला की भरलेला प्रत्येक खड्डा आपापल्या जागी हलक्या सावलीने उठून दिसतो आणि खिडकीजवळ तळहाताएवढा एक उंचवटा दिसतो. एके दिवशी तो तिच्याआधी जागा झाला, असं त्याला वाटलं. कोपरावर उठून त्याने तिच्या पाठीवरून पलीकडे पाहिलं. ती जागीच होती. डोळे उघडे, भिंतीकडे. किती वेळ तशी पडून होती कोण जाणे. त्याच्या तोंडाशी तो दुसरा प्रश्न आला, कणकेचा, पुरेचा. यासाठीच तर कागद काढला होता. त्याने तो प्रश्न जिभेवर धरून ठेवला. विचारलं तर ती त्याला बरं वाटेल तेच उत्तर देणार, आणि आपल्याला कोणत्या उत्तराने बरं वाटेल हे त्यालाच ठाऊक नव्हतं. बहुधा तिला ठाऊक असेल.

"कशी वाटतेय?" त्याने विचारलं.

ती दचकली नाही. भिंतीवरची नजरही तिने हलवली नाही. "छान झालीय," ती म्हणाली.

मग तिने हात लांब करून उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या जवळ ओढला.